जमिनीवरचं गाव

कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या जुन्या छावणीतल्या एका खोलीत बाबासो आणि ललिताचं बिऱ्हाड होतं. भिंती नव्या, दगडी जमीन जुनीच. महायुद्धात तिथं परदेशी निर्वासित राहत. त्यांतलं कुणीतरी जागा परत मागायला येतंय, अशी आवई अठ्ठ्याण्णव साली गल्लीत उठली, आणि एका दुपारी खरंच गोरी म्हातारी दारात उभी राहिली. सोबत दुभाषी म्हणून कोल्हापूरची निशिगंधा.

बाबासोनं चौकटीला हात आडवा लावला. "आत पाय टाकायचा न्हाय! घर आमचं हाय."

ललिता त्याच्या मागं येऊन उभी राहिली. हे गेलं तर जायचं कुठं? म्हातारी मात्र आतल्या जमिनीकडंच टक लावून बघत होती. गल्ली गोळा झाली. "मोजणी कराय आलीया!" मागनं कुणी ओरडलं. बाबासोचा आवाज चढला, निशिगंधा गांगरली.

"थांबा की जरा," ललिता पुढं झाली. "पावणं, गाव कुठलं तुमचं?"

म्हातारीचं नाव यानिना. तिचं बोलणं निशिगंधा मराठीत सांगू लागली. लिथुआनियातलं खेडं. एका अंगाला तळं, बाकी पाइनचं रान, टेकाडावर लाकडी चर्च. राज्यं बदलली, गाव तिथंच राहिलं. एकेचाळीस साली रशियन सैनिकांनी घरातनं उचलून मालगाडीत कोंबलं. वडील सैबेरियातच वारले. मायलेकी इराणमार्गे या खोलीत पोचल्या.

"आई या जमिनीवर कोळशानं गाव काढायची. तळं, वाटा, कुणाचं घर कुठं. म्हणायची, मी मेले तरी तुला घर सापडलं पाहिजे."

"मग गेलता का परत?" ललितानं विचारलं.

"गेले. घरं पाडून नांगर फिरवलाय. ओढासुद्धा सरळ केलाय. कुठं उभं राहावं, तेच कळेना."



"मग हितं काय पायजे?" बाबासोचा आवाज अजून कडकच.

"एकदा ते गाव इथं काढू द्या."

त्याचा हात हलेना. ललिता त्याच्याजवळ गेली. "अवो, हात काढा."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग हात खाली आला.

ललितानं चुलीतला विझलेला कोळसा दिला. यानिना गुडघ्यांवर बसली. तळं उमटलं, वाट उमटली, चर्च उमटलं. चर्चमागचं घर कुणाचं, ते काही केल्या आठवेना. ती तोंडावर हात घेऊन रडू लागली.

बाबासो चपला काढून आत आला. त्यानं खाट भिंतीकडं सरकवली.

"पाइनचं रान ऱ्हायलंय न्हवं?" तो निशिगंधाला म्हणाला. "जागा हाय की. काढा म्हणावं."