तिसऱ्या मजल्यापर्यंत

मी जेवढी दमते तेवढा आमच्या इमारतीचा जिना लांबतो. मार्चमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या होत्या. दवाखान्यात मला सलग दोन-दोन पाळ्या लागू लागल्या आणि जूनमध्ये पायऱ्या सहाशेवर गेल्या. इतरांना त्या बेचाळीसच लागतात.

माझा नवरा रत्नाकर वर असतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर तो खाली उतरत नाही. माझ्या यायच्या वेळेला दारातून हाक मारतो, "आलीस का गं?" पूर्वी ती लगेच ऐकू यायची. हल्ली खाली पोचायला दोन दिवस घेते. सोमवारी मी शनिवारच्या हाकेला ओ दिली.

पुढे जिना अरुंदही झाला. खांदा तिरका करून चढावं लागे. गुरुवारी दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसले ती उठेचना. चौगुले काकू त्यांच्या दारात लसूण सोलत होत्या.

"आज किती झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "ये. डोकं टेक."

"काकू, तो वाट बघतोय."

"बघू दे. तू झोप. मी उठवते."

झोप, असं मला कित्येक वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. दवाखान्यात ते मीच सगळ्यांना म्हणते. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

जागी झाले तेव्हा काकूंचे काळे केस पांढरे झाले होते.

"किती वेळ झोपले मी?"

"लागला तेवढा," त्या म्हणाल्या आणि मांडी चोळू लागल्या. मांडीला मुंग्या आल्या होत्या.

माझे पाय कॉलेजात खो-खो खेळायचे तेव्हाचे होते. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत निघाले. वाटेत रत्नाकरच्या हाका भेटत गेल्या. आधी जुन्या, मग परवाच्या, मग कालच्या. काहींत तो नुसतं माझं नाव घेत होता. एकीत काहीच नव्हतं, फक्त त्याचा श्वास. मी प्रत्येकीला ओ दिली.

दार आलं. तो उंबऱ्यात उभा होता.

"आलीस?" ओठ आणि आवाज एकाच वेळी.

"आले," मी म्हणाले. तोवर पाय पुढच्या पायरीवर पडला होता.

"अगं, वर नुसती गच्ची आहे."

"माहितेय. थांबायचंय रे मला. पाय थांबत नाहीत. धर."

त्यानं माझ्या ओढणीचं टोक धरलं. मी चढत राहिले, ओढणी लांबत राहिली. दोन वळणांनंतर तो दिसेनासा झाला. मग खालून त्यानं एकदा हलकेच ताण देऊन पाहिला, उंच गेलेल्या पतंगाचा मांजा ओढून बघतात तसा.