माझ्यातला खोटा ज्वालामुखी

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. लांबी पंचेचाळीस अक्षरांची आणि स्वभाव डूख धरणारा. नाव एकदाच सांगतो, दम धरा: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस.

हसलात ना, मित्रांनो? सगळेच हसतात. माझा राग त्याचाच आहे.

नव्वदेक वर्षांपूर्वी अमेरिकेत कोड्यांचा नाद असलेल्या मंडळींची बैठक भरली होती. सगळ्यांत लांब शब्द आपला असावा, या हौसेपायी त्यांच्यातल्या एकाने मला जुळवलं. फुप्फुस, अतिसूक्ष्म, दगडातली सिलिका, ज्वालामुखी, धूळ, असे ग्रीक-लॅटिन तुकडे एकाला एक जोडले. अर्थ असा की दगडाची बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि फुप्फुस कडक करून टाकते, तो आजार. डॉक्टर त्याला सरळ सिलिकोसिस म्हणतात. ज्वालामुखी माझ्यात कोंबला तो निव्वळ लांबी वाढावी म्हणून. पुढे मी वर्तमानपत्रात छापून आलो, शब्दकोशात जाऊन बसलो आणि पाठांतर करणाऱ्यांना टाळ्या मिळवून देऊ लागलो. माझ्या पोटात माणसं खोकत होती, त्यांची चौकशी कोणी केली नाही. या टाळ्यांचा सूड घ्यायचा, हे मी तेव्हाच ठरवलं.

संधी मिळाली ती चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरजवळच्या एका गावात. तिथे हरिदासशेठचा गिट्टीचा क्रशर आहे. लटारूभाऊंनी अर्धं आयुष्य त्या मशीनमध्ये दगड टाकले. आता अंगणातून विहिरीपर्यंत जाताना ते दोनदा खाली बसतात. त्यांचा मुलगा निकेशही तिथेच कामाला लागला, तेव्हा त्यांची बायको शकुबाई शेठकडे खेपा घालू लागली. दगडावर पाणी मारा, धूळ बसू द्या, एवढंच तिचं मागणं. शेठ म्हणायचे, "धुळीनं काही होत नाई बाई, बिडीनं होते." लटारूभाऊंनी जन्मात बिडी ओढली नव्हती.

शाळेच्या गॅदरिंगला हेच शेठ पाहुणे म्हणून आले. लटारूभाऊंची मुलगी दिव्यानी हिने मला एका दमात म्हणून दाखवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठनी कौतुकाने विचारलं, "याचा अर्थ काय होते, बेटा?"

याच प्रश्नासाठी मी इतकी वर्षं टपून बसलो होतो. दिव्यानीने एकेक तुकडा सोडवून अर्थ सांगितला. मंडपात चुळबुळ सुरू झाली. शेठ मात्र हसले.

"आपल्या चंद्रपुरात ज्वालामुखी कुठी हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यातलं खोटं त्यांनी नेमकं पकडलं होतं.

"तो नुसता लांबीसाठी घातला हाय, शेठ," दिव्यानी म्हणाली.

मागच्या रांगेतून शकुबाई उठली. "मंग तो ज्वालामुखी तुमी ठेवा," ती म्हणाली. "बाकी सारं हिच्या बाबाच्या छातीत हाय."

तिच्या शेजारी लटारूभाऊंना खोकला लागला. तो थांबेना.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया क्रशरच्या फाटकात जाऊन बसल्या आणि पाण्याचे पाइप येईपर्यंत उठल्या नाहीत. आता दगडावर पाणी पडतं. निकेश संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याचे केस काळे दिसतात.

लटारूभाऊंचा श्वास काही परत आला नाही. म्हणून माझाही डूख अजून गेलेला नाही. शेठची गाडी गावातून निघाली की पोरं मला एका दमात, मोठ्याने म्हणतात. शेठ काच वर करतात. करू देत.

मित्रांनो, मला खुशाल पाठ करा. पण टाळ्या घेण्याआधी माझा अर्थ सांगा. आणि समोर एखादा हरिदासशेठ बसला असेल, तर दोनदा सांगा.