ओढा उतरेपर्यंत

ग्रामसेविका शिवानी मॅडमनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सरपंच, अकरा वाजून गेले. चारजण हजर आहेत, कोरम झालाय. ठराव मांडा."

सरपंच म्हणजे आमचे हे, सोनबा. हे खिडकीतून ओढ्याकडं बघत बसले होते. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून गुडघाभर लाल पाणी चाललं होतं आणि पलीकडं खालगावचे तीन मेंबर छत्र्या धरून उभे होते. त्यांचा पुढारी दत्ता. त्याचा फोन येऊन गेला होता, तासाभरात पाणी उतरेल, तोवर सभा थांबवा म्हणून.

"थांबू की," हे म्हणाले.

पंचायतीच्या पडवीत बसलेल्या आम्हा बायकांना ते ऐकू आलं. धनगरवाडीतल्या आम्ही अकराजणी सकाळी शेरडं म्हाताऱ्यांवर सोडून, भिजत खाली उतरलो होतो, ते एका कामासाठी. योजनेतून आमच्या ग्रामपंचायतीला पाण्याची एक टाकी मिळाली होती. एकच. ती वर आमच्या वाडीत बांधायची की खालगावात, ते त्या दिवशी ठरणार होतं. वेल्ह्याचा पाऊस कुणाला सांगायला नको, श्रावणात घरातल्या भिंतीला शेवाळ धरतं. पण ते सगळं पाणी उतारानं निघून जातं, आणि चैत्र लागला की आम्ही पाऊण तास उतरून झऱ्यावर येतो आणि वाटीवाटीनं हंडा भरतो. तीस वर्षं मी ते केलंय. डॉक्टर म्हणतात गुडघ्यातलं वंगण संपलंय, वजन उचलायचं नाही. त्यांचं काय जातं म्हणायला.

मतं सात. ह्यांचं धरून वाडीची तीन, खालगावची तीन, आणि मधल्या वाडीचा भिमा. भिमाचं दूध दत्ताच्या टेम्पोतून किकवीच्या डेअरीला जातं, त्यामुळं दत्ता समोर असला की भिमाचा हात त्याच्याच बाजूनं वर होणार. पण दत्ता तर ओढ्यापलीकडं होता. हात आत्ता वर झाले असते तर चार-शून्य, आणि टाकी आमची. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ह्यांनाही कळत होतं. म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ह्यांची सगळी नोकरी भोरला गेली, एका कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई म्हणून. पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता वाचायची सवय लागली, आणि त्यातच कधीतरी तो चीनचा राजा भेटला. कुणाच्या नवऱ्याला दारूचा नाद असतो, कुणाच्या पत्त्यांचा. माझ्या नशिबी हा राजा. अडीच हजार वर्षांमागं म्हणे चीनमध्ये पुष्कळ राज्यं होती आणि जो तो शेजाऱ्याला गिळायला टपलेला. त्यात एका लहान राज्याचा हा राजा, श्यांग नावाचा. त्याच्याशी लढायला चू नावाचं बलाढ्य राज्य आलं. चूचं सैन्य नदी ओलांडत होतं, निम्मं पाण्यात, निम्मं काठावर. प्रधान म्हणाला, महाराज, आपण थोडे आहोत, आत्ताच तुटून पडा. राजा म्हणाला, पाण्यात अडकलेल्यावर वार करायचा नसतो. सैन्य अलीकडं आलं, रांगा लावायला लागलं. प्रधान म्हणाला, आता तरी. राजा म्हणाला, त्यांना नीट उभं तर राहू दे.

इथवर आले की ह्यांचा आवाज जड व्हायचा. आणि इथवर आलं की मी शेरडांना पाला टाकायला उठायची, नाहीतर मला झोप लागायची. इतक्या मानानं सांगतात म्हणजे राजा जिंकलाच असणार, असं मी आपलं धरून चालले होते.

रिटायर होऊन वाडीत आले आणि दोन वर्षांनी सरपंच झाले. तेही कसं, तर खालगावात दोन पॅनेल एकमेकांच्या उरावर बसली, दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ. असा मोका पुन्हा येत नाही हे वाडी जाणून होती. टाकीचा विषय सभेत आणायला ह्यांनी वेल्ह्याच्या ऑफिसात किती खेटे घातले, ते माझ्या गुडघ्यांइतकंच ह्यांच्या चपलांना माहीत आहे.

बारा वाजता पाणी थोडं उतरलं. खालगावचे दोघं एकमेकांचा हात धरून अलीकडं आले. दत्ता मात्र मोटरसायकल सोडायला तयार नव्हता, तो पलीकडंच रेंगाळला. मॅडम पुन्हा पुढं झाल्या. बिचाऱ्यांना आमची कणव असावी. म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, आत्ता घ्या, आणि समान मतं पडली तरी निर्णायक मत तुमचंच आहे. भिमा खाली मान घालून बसला होता. त्याचीही सुटका झाली असती.

हे उठले. मला वाटलं, चला, देव पावला. तर ह्यांनी खुंटीवरचा पंचा काढून त्या दोघांना अंग पुसायला दिला आणि चहा सांगितला.

अंबूबाई आमच्या वाडीतली सगळ्यांत म्हातारी, सत्तरीची. अजून हंडा वाहते. ती पडवीतून माझ्याकडं बघत म्हणाली, "रतन, तुजा दादला येडा हाय का गं?"

मी ओढ्यापलीकडच्या दत्ताकडं बघितलं.

पाऊण वाजता दत्ता आला, चहा प्याला, आणि मग हात वर झाले. भिमानं ह्यांच्याकडं न बघता हात वर केला. चार विरुद्ध तीन, टाकी खालगावात. दत्ता जाताना ह्यांच्या पाया पडला. ते बघून मला जास्तच चीड आली.

परतीच्या वाटेवर बायका पुढं निघून गेल्या, ह्यांच्यासोबत चालायची कुणाची इच्छा नव्हती. चढावर मी थांबले आणि विचारलं, असं का केलंत.

"त्यास्नी बी लोकांनीच निवडून दिलंय, रतन. ती पान्यापल्याड आडकली आन् आपन हात वर करायचा? चोरून पानी आनल्यावानी झालं असतं."

"चोरलेल्या पान्यानं बी तहान भागती," मी म्हटलं.

थोडं चालून गेल्यावर माझ्याच मनात आलं आणि मी विचारलं, "त्या तुमच्या राजाचं फुडं काय झालं?"

"हरला," हे म्हणाले. "लई मानसं मेली त्याची. त्याला बी मांडीत जखम झाली. दुसऱ्या सालाला गेला त्यातच."

"आन् लोकं काय म्हनली?"

"शिव्या दिल्या लोकांनी."

म्हणजे इतकी वर्षं मी हरलेल्या राजाची गोष्ट ऐकत होते. मला रडू आलं. टाकीसाठी की ह्यांच्यासाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर वाडी ह्यांच्याशी बोलेनाशी झाली. 'चीनचा राजा' हे नावच पडलं. पौषात खालगावात टाकी उभी राहिली. वैशाखात आम्ही त्या टाकीतून एक टँकर भरून मागितला, तर दत्तानं फोनच उचलला नाही.

वैशाखातल्या एका सकाळी मी झऱ्यावर होते. सोळा बायका, सोळा हंडे, आणि दगडाच्या फटीतून करंगळीएवढी धार. वर बघते तर हे उतरून येतायत, दोन्ही हातांत एकेक रिकामा हंडा. आमच्याकडं गडीमाणूस पाण्याला येत नाही. हे आले, सगळ्यांच्या शेवटी हंडे ठेवले आणि उन्हात दगडावर बसले. पांढऱ्या केसांवर टोपीसुद्धा नव्हती.

ह्यांचा नंबर यायला साडेअकरा झाले. एवढ्यात मंगल तान्ह्या पोराला झोळीत बांधून आली. ह्यांनी आपले हंडे उचलून मागं ठेवले आणि तिला पुढं केलं. ती झाली तोवर दोन म्हाताऱ्या आल्या, त्याही पुढं गेल्या. अंबूबाई वाटी धरून बसली होती, आठ महिने ह्यांच्याकडं बघितलं नव्हतं तिनं. ती म्हणाली, "सरपंच, या आता. तुमचा नंबर कवाच झालाय."

"त्यांचं होऊ द्या," हे म्हणाले.

अंबूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण मग उठून तिनंच ह्यांचा एक हंडा धारेखाली ओढला आणि वाटी चालवायला लागली. मी दुसरा घेतला.

हंडे भरायला दीड वाजला. माझ्या डोक्यावर ह्यांनी एकही चढवू दिला नाही. ह्यांना डोक्यावर घ्यायची सवय नाही, म्हणून एक खांद्यावर घेतला, एक हातात धरला आणि चढ चढायला लागले. चालताना पाणी हिंदकळून पाठीवरून सांडत होतं. निम्मी वाट झाली तेव्हा खांद्यावरचा हंडा निम्मा रिकामा झाला होता. मी मागून, रिकाम्या हातांनी चालत होते.