दिगंबरच्या यंत्राची वात

माझ्या नवऱ्याच्या, दिगंबरच्या हृदयात स्टेंट घालून तेवीस दिवस झाले होते आणि त्या तेवीस दिवसांत त्याने एकही सिगरेट ओढली नव्हती. याचं श्रेय त्याचं नाही, माझंही नाही. त्याच्या ऑफिसातल्या अतुलने चीनहून आणून दिलेल्या पेनाएवढ्या यंत्राचं. आत बॅटरी, पुढे तारेची इवलीशी कॉइल, कॉइलच्या पोटातून गेलेली वात. वात निकोटिनचं पाणी शोषते, कॉइल तापते, वाफ होते, ती हा ओढतो. डॉक्टर म्हणाले होते, "या वस्तूचं मला काही माहीत नाही. पण सिगरेट पुन्हा सुरू केलीत, तर पुढच्या वेळी इथवर पोचाल असं समजू नका."

आणि शनिवारी दुपारी ते यंत्र मेलं. नवा भाग मागवला, तर यायला बारा दिवस. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ, आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या किचनमध्ये दिगंबर गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा.

"जरा गॅस स्टेशनला जाऊन येतो. ब्रेड आणतो."

"ब्रेड आहे घरात. पेट्रोलपंपावरच्या दुकानात सिगरेट मिळते हे मला माहीत नाही? मला काय कुकुल्लं बाळ समजतोस? बस तिथे. एक तास दे मला."

"तुला जमणार आहे का ते, रेणू?"

जमणार आहे का म्हणे! नागपूरच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सची सगळी प्रॅक्टिकल्स मी पुरी केली, आणि वूस्टरच्या कंपनीत नऊ वर्षं बिघडलेले सर्किट बोर्ड तपासतेय. चिमट्याने यंत्र उघडलं. वात जळून कोळसा झालेली, तार तुटलेली. जुन्या हेअर ड्रायरमधली तार काढली, सुईवर सहा वेढे दिले, टोकं पिळून बसवली. मीटरने रेझिस्टन्स बरोबर दाखवला. बटण दाबलं तर एकच वेढा लालभडक आणि बाकीचे थंड. वेढे टोकरून सारखे केले, मग सगळे एकदम तापले. तार झाली. राहिली वात.

बाथरूममधले कापसाचे बोळे घेतले, ते निघाले नकली. कॉइल तापताच वितळून चिकटले. दिगंबर घड्याळाकडे बघत होता. मग देवापुढच्या डब्यातली वात आठवली. शुद्ध कापूस, आयती वळलेली. पहिली घट्ट बसली, पाणी आत शिरेना, नुसता कोरडा चटका. दुसरी मी विरळ करून घातली. वाफ आली, भरपूर आली. मला इतका आनंद झाला की हातातला चिमटा खाली पडला.

दिगंबरने एक झुरका घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"दूध करपल्यासारखं लागतंय."

"दूध? डोकं फिरलंय तुझं. तलफ बोलतेय ही."

"रेणू, घशाखाली उतरत नाहीये ते." त्याने किल्ली उचलली. "तू केलंस, खूप केलंस. आता मला जाऊ दे."

"जा. मर जा," मी म्हणाले. हो, म्हणाले. तेवीस दिवस जीव मुठीत धरून काढले होते मी, रात्री उठून त्याचा श्वास चाललाय का बघत होते. दार आपटलं. गाडी गेली.

मग मी यंत्र नाकाशी धरलं. दूधच होतं ते. मी वाती वळते त्या दुधाची बोटं लावून, आई वळायची तशाच. दर रविवारी टीव्हीसमोर बसून शंभरेक वळते, आणि त्या दुधाचा विचार म्हणून कधी मनात आला नव्हता. निरांजनात कोणाला वास येणार? इथे ते दूध सरळ तापल्या तारेवर. बोर्ड तपासणारी म्हणून मिरवणारी मी, वस्तू कशाची आहे ते न बघता आत घातली.

न वळलेला कापूस पिशवीत पडला होता. कॉइल धुतली, जाळून साफ केली, चिमूटभर कापूस सैलसर ओवला. आता चव कोण बघणार? मीच ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण करपट लागलं नाही.

गाडी परत आली होती. ड्राइव्हवेमध्ये इंजिन चालू, काचा बंद, आत धूर. यंत्र घेऊन, कोट न घालता मी तशीच गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. त्याच्या बोटांत अर्धी सिगरेट होती आणि दुसरा हात छातीवर.

"दुखतंय का?"

"नाही. भीती वाटतेय. ओढतोय आणि भीती वाटतेय."

शिव्या द्यायच्या म्हणून आले होते, त्या बाजूला ठेवल्या.

"दूध होतं त्यात," मी म्हटलं. "वातीला मी लावलेलं. तुझं बरोबर होतं."

"दूध तुझं," तो म्हणाला, "सिगरेट माझी."

त्याने काच खाली करून ती बर्फात टाकली. पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. मी यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ओढलं, थांबला, परत ओढलं. मग छातीवरचा हात काढला.

"उद्या सकाळी टेबलाशी बस," मी म्हटलं. "तार कशी गुंडाळायची, कापूस किती घालायचा, सगळं शिकवते. पुढच्या वेळी हे बिघडेल तेव्हा मी कामावर असेन, आणि तू घरात एकटा असशील."