आधी लीनामावशीचे

"गेल्या वर्षभरात कुणा नातेवाइकाचे पैसे परत केलेत?" वकील डेल्गाडोंनी विचारलं.

"केले तर! लीनामावशीचे," अर्डिथ म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिची मान वर झाली होती. "सगळेच्या सगळे. बँकेच्या आधी, पीठवाल्याच्या आधी."

डेल्गाडोंनी पेन खाली ठेवलं. मी शेजारीच बसले होते.

अर्डिथ उनरूहच्या बेकरीत मी कित्येक वर्षं पाव भाजले. कॅन्ससमधलं आमचं मेनोनाइटांचं, म्हणजे साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथाचं, गाव एवढंसं. हमरस्त्यावर मोठं दुकान निघालं, तिथे पाव पाण्याच्या भावानं मिळू लागला आणि आमचा धंदा बसला. तेव्हापासून ही बाई एका जागी टिकली नाही. बोलता बोलता टेबल पुसायची, पुसलेलं पुन्हा पुसायची. वकिलाकडे यायलाही तिला ओढून आणावं लागलं. आमच्यात दिवाळं म्हणजे चोरीची सख्खी बहीण.

खरं तर तोवर सगळं बरं चाललं होतं. आमच्या राज्याच्या कायद्यानं राहतं घर वाचतं, एक गाडी वाचते, भट्टीसारखी धंद्याची अवजारं ठरावीक किमतीपर्यंत वाचतात. स्मशानातली जागासुद्धा वाचते. "म्हणजे मेले तर सोय आहे," अर्डिथ म्हणाली होती, आणि वकील मनापासून हसले होते.

आता ते हसत नव्हते. "हे राज्याच्या हातात नाही बाई, हा साऱ्या देशाचा कायदा आहे. दिवाळ्याआधीच्या वर्षात घरच्यांचं देणं आधी फेडलं, तर कोर्टानं नेमलेला माणूस ते पैसे तुमच्या मावशीकडून परत मागू शकतो. ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांत वाटायला."

"मावशीनं काय गुन्हा केला? भट्टीसाठी तिनं मला पैसे दिले होते. प्रभुभोजन जवळ आलं होतं, म्हणून फेडले."

डेल्गाडोंना काही उमगलं नाही. मग मीच सांगितलं. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीनंतर, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, बायका जोडीजोडीनं एकमेकींचे पाय धुतात. अर्डिथची जोडी कायम लीनामावशीशी. जिचं देणं थकलंय तिचे पाय कुठल्या तोंडानं हातात घ्यायचे?

परतताना गाडीत मी न राहवून म्हणाले, "रोखच दिलेस ना? बघायला कोण होतं? दुसरा वकील गाठ आणि गप्प बस की!"

"तिथे शपथेवर विचारतात."

"आपण मेनोनाइट कुठे शपथ घेतो?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "आपलं हो म्हणजे हो. शपथेची गरज नाही म्हणून मिरवतो ना आपण?" आणि हाताला काहीच लागेना तेव्हा ती गाडीची काच पुसत राहिली.

घरी न जाता तिनं गाडी मावशीच्या दारात थांबवायला लावली. मावशी ऐंशी ओलांडलेली. सफरचंदं सोलत होती. अर्डिथनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"पैसे छपरावर गेले," मावशी म्हणाली. "गारांनी चाळण केली होती. आता काय, उचकटून देऊ त्यांना?"

"मावशी..."

"तू सांगणार आहेस?"

"सांगावंच लागेल गं."

"मग सांग." मावशीनं पाठ फिरवली. कॉफी विचारली नाही. आमच्या गावात कॉफी विचारल्याशिवाय शत्रूलासुद्धा घालवत नाहीत.

अर्डिथनं सांगितलं. कोर्टानं नेमलेला माणूस सभ्य होता. मावशीला पत्र आलं तेही सभ्यच. तिच्या आजीनं रशियातून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ विचिटा शहरातल्या व्यापाऱ्यानं विकत नेलं, आणि उरलेल्याचे हप्ते ठरले. अर्डिथचं घर वाचलं, भट्टीही वाचली. पीठवाल्यालाही पोरंबाळं आहेत, त्याला चार पैसे मिळाले हे मला कळतं. तरी मला राग यायचा, आणि तो काढायला माणूस सापडायचा नाही. मावशी अर्डिथशी बोलेनाशी झाली.

वसंतातलं प्रभुभोजन आलं. भजन थांबलं, बायका मागच्या खोलीत गेल्या, टॉवेल कमरेला बांधून जोड्या लागल्या. अर्डिथ भिंतीकडच्या बाकावर बूट घालूनच बसली होती. बाकाची कड बोटानं पुसत होती. मी तिच्याकडे निघाले, तेवढ्यात कुणीतरी मला कोपरानं बाजूला सारलं.

लीनामावशी. हातात तसराळं, पाणी डचमळतंय. मावशीनं तसराळं अर्डिथपुढे ठेवलं आणि गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली. हो, चर्चमध्येच.

"बूट काढ," ती म्हणाली. "पाणी निवतंय."

अर्डिथच्या हाताला नाडी सुटेना. मग मावशीनंच ती सोडली.