साक्षीला मी उभी होते

सिदूला चारच्या आत भरती केलं नाही तर व्यसनमुक्ती केंद्रातली एकुलती एक रिकामी खाट दुसऱ्याला जाणार होती. भरतीसाठी दोनच गोष्टी लागतात. 'मी रोज पितो' हे पेशंटनं स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं आणि नातेवाइकानं सही करायची. नवी पेठेमागच्या या केंद्रात मी अकरा वर्षं समुपदेशक आहे. माणसांना बोलतं करण्याची मला थोडी मिजासही आहे.

"शेवटची कधी घेतली, सिदू?"

"म्हैना झाला. थेंब न्हाय."

हात मांडीखाली दाबून बसला होता, कपाळ घामानं डबडबलेलं. शेजारी त्याची आई केराबाई आणि तिच्या मांडीवर त्याची सहा वर्षांची सोनम. बायको कधीच माहेरी निघून गेलेली.

या खोट्या महिन्याला कारण मीच. महिन्यापूर्वी वळसंगला त्यांच्या घरी गेले तेव्हा केराबाईनं त्याला बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. एक हात भंडाऱ्यावर, दुसरा सोनमच्या डोक्यावर. प्यालो तर हिचं वाईट होईल. म्हातारी म्हणाली, मॅडम, साक्षीला ऱ्हावा. आम्ही बौद्ध, आमच्या घरी ना भंडारा ना नवस. तरी उभी राहिले. वर शहाणपणा पाजळला, "आता शब्द मोडू नका." देव कामाला येत असेल तर येऊ दे म्हटलं. अक्कल गहाण ठेवली होती मी.

आजी-नातीला बाहेर बसवून मी दार लावलं.

"आता खरं सांग. देवाला काय कळत नाही का?"

"द्येवाला कळतंय की. आईला कळाय नगं. उद्या पोरीला सादा ताप आला तरी मीच मारली म्हनंल." तो माझ्याकडं बघत नव्हता. "तुमीच व्हता की तितं."

मी उठले. दार उघडलं तर केराबाई उभीच होती.

"चल घरी," ती सिदूला म्हणाली. "आट दिस कोंडून घालते. कडी काडत न्हाय. शपत आपोआप खरी हुईल."

दिवाळीत दोन दिवस दारू तुटली तेव्हा त्याला फिट आली होती. खोलीत एकटा असता तर संपलाच असता.

"कोंडू नका," मी म्हणाले. "एकदम तुटली तर जीव जाईल त्याचा."

"तुटंल कशी? त्यो पितच न्हाय की."

सिदू नको नको म्हणून मान हलवत होता. दाराआड त्यानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, हा आमचा पहिला नियम. आणि मी गप्प राहिले तर तो मरणार होता.

"पितो," मी म्हणाले. "रोज पितो."

केराबाईनं सोनमला उचलून छातीशी धरलं. सिदूनं हात पुढं केला तशी ती मागं सरकली.

"हात लावू नगंस हिला. आन तुमी, साक्षीला हुबं ऱ्हायला व्हता न्हवं? तुमचं काय जातंय?"

मी जिन्यापर्यंत तिच्यामागं गेले, सहीसाठी हातापाया पडले. ती थांबली नाही. शपथ उतरवायला पोरीला घेऊन थेट देवाला निघाली होती.

परत आले तेव्हा सिदूचे हात टेबलावर होते, उघडेच, थरथरत.

"रोज पितो, मॅडम. सकाळी बी घेतली," तो म्हणाला. "लिवा आता. आन सही कुनाची घेता?"