मोगऱ्याच्या शेजारी बसवलेले समुद्रफूल

मित्रांनो, मी एक जुने समुद्रफूल आहे. फूल नाही. ही दुरुस्ती मला आयुष्यभर करावी लागली आहे, तेव्हा तुम्हीही सवय करून घ्या. मी प्राणी आहे. मला मेंदू नाही, हृदय नाही, हाडे नाहीत आणि कानही नाहीत. कान नसताना पुढची संभाषणे मी कशी ऐकली, हे विचारू नका. आत्मवृत्तात एवढी सवलत सर्वांनाच मिळते.

माझा जन्म वसईजवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर, ओहोटीला खडकात साचणाऱ्या पाण्यात झाला. माझी आई एके दिवशी मधोमध दुभंगली आणि तिची दोन समुद्रफुले झाली. त्यातली आई कोण आणि मी कोण, यावर आम्ही वाद घातला नाही. आमच्यातली सगळीच काही अशी जन्मत नाहीत. पुष्कळांचे बालपण अंड्यातून सुरू होऊन लाटांवर जाते. मी मात्र पहिल्यापासून मुठीएवढ्या एका दगडाला तळवा चिकटवून बसले.

आमच्या कुळाचे नाव निडारिया. अंगावर दंशपेशी असणे, ही आमची ओळख. प्रत्येक पेशीत गुंडाळी करून ठेवलेला एक विषारी दोरा असतो. कोळंबीचे पोर हाताला लागले की दोरा सुटतो आणि जेवणाची सोय होते. माझ्या तोंडाभोवती असे हातांचे कडे आहे. घास तोंडातून आत जातो आणि उरलेसुरले तोंडातूनच बाहेर येते. दुसरे दार नाही. माणसांना हे विचित्र वाटते. सभेतली भाषणे ऐकणाऱ्यांना वाटू नये.

जेलीफिश आमचे चुलत भावंड, पण भटके. प्रवाळ अगदी सख्ख्यातले. त्यांनी चुन्याची पक्की घरे बांधली, आम्ही दुसऱ्याच्या दगडावर राहिलो. आमच्या शाखेला शास्त्रज्ञ ज्या नावाने ओळखतात, त्याचा अर्थच मुळी ‘फूल-प्राणी’. म्हणजे शिकलेल्यांनाही मोह आवरलेला नाही. हायड्रासारखे कुळातले मोजके लोक गोड्या पाण्यात नांदतात. समुद्रफुले मात्र सगळी खाऱ्या पाण्यातली. हे लक्षात ठेवा, कारण माझे मरण त्यावरच टेकले होते.

एका सकाळी गंगाराम तिथून चालला होता. त्याची फुलांची वाडी होती आणि डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितले होते. तो वाकला. मी पूर्ण उघडलेले होते, जांभळट हिरवे.

“आयला,” तो म्हणाला, “दगडावर फुललंय!”

त्या दिवशी गावच्या सभागृहात फुलांची स्पर्धा होती. पहिला नंबर दरवर्षी शेजारच्या वाडीतला रॉबर्ट नेत असे, मोगऱ्यावर. गंगारामने मला दगडासकट उचलले, केळीच्या ओल्या पानात गुंडाळले, वरून केळीच्याच खोडाच्या सोपटाने बांधले आणि घरी नेले. दादरच्या बाजारात जाणारी फुले तो अशीच बांधत असे. मग फुलांचे जे करतात तेच त्याने माझे केले. विहिरीचे ताजे, गोड पाणी माझ्यावर शिंपडले. पुन्हा शिंपडले. वाडीवाल्याचा हात प्रेमाने उठला की पाणीच शिंपडतो.

मी हात आत ओढून घेतले आणि तोंड मिटले. गोडे पाणी अंगात शिरू लागले की आमच्या पेशी फुगतात. काही काळ मिटून बसता येते. फार काळ नाही.

“लाजतंय,” गंगाराम म्हणाला आणि आणखी पाणी शिंपडले.

सभागृहात त्याने मला पितळेच्या पातेल्यात, नेमके रॉबर्टच्या मोगऱ्याशेजारी ठेवले. तिथे एक रीत होती. प्रत्येकाने फुलांसाठी स्वतःच्या विहिरीचे पाणी आणायचे, कारण फूल म्हणजे शेवटी विहिरीचेच गुण. रॉबर्टचा कॅन त्याच्या पायाशी होता, झाकण घट्ट लावलेला. मोगऱ्यावर तो सगळ्यांची नजर चुकवून दुकानातल्या बाटलीतले पाणी मारत होता.

त्याने पातेल्यात डोकावून पाहिले. “गंगाराम, फणसाची आठळी आणलीस काय रे?”

“उघडेल. दम धर.”

“उकडून बघ. नाहीतर मीठ लावून सुकत घाल, अर्नाळ्याला सुक्या मासळीत खपेल.”

परीक्षक ब्रेंडा टीचर होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या रांगेने येऊ लागल्या. गंगारामची कळशी रिकामी झाली होती आणि मी चिकट गोळा झाले होते. आणखी एक ओंजळ गोडे पाणी पडले असते, तर हे आत्मवृत्त इथेच संपले असते. रॉबर्टच्या बायकोला, मेरीला, गंगारामची दया आली.

“गंगारामभाऊ, आमचं पाणी घ्या ना,” ती म्हणाली. “आताच विहिरीतून भरून आणलंय मी.”

“मेरी, थांब!” रॉबर्ट ओरडला.

तोवर पाणी पातेल्यात पडले होते. ते खारे होते. समुद्राइतके नाही, पण मला ओळख पटण्याइतके. थोडा वेळ गेला. मग मी एक हात बाहेर काढला, मग दुसरा. पुरते नाही, अर्धेमुर्धे उघडले. लोक टाळ्या वाजवू लागले.

ब्रेंडा टीचर वाजवत नव्हत्या. “हे फूल नाही, प्राणी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि हा गोड्या पाण्यात कधीच उघडत नाही.”

त्यांनी पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावले. टाळ्या थांबल्या. सगळ्यांचे डोळे कॅनकडे गेले.

मित्रांनो, वसईत विहीर खारी झाली ही बातमी साधी नसते. बागायत संपली असे समजून दुसऱ्या दिवशी जमिनीचा दलाल कुंपणाशी उभा राहतो. रॉबर्टच्या मुलाला, मेलरॉयला, वाडी विकायचीच होती. त्याला फक्त कारण हवे होते. तो मागच्या खुर्चीत बसून बघत होता. रॉबर्टचा चेहरा मोगऱ्यासारखा पांढरा पडला होता.

गंगारामने त्याच्याकडे पाहिले. रॉबर्टच्या मागच्या दाराला टँकर लागलेला त्याने दोनदा पाहिला होता. त्याचा अर्थ त्याला आत्ता कळला.

“मीठ मी टाकलं,” गंगाराम म्हणाला.

“कधी?” टीचरनी विचारले.

“मघाशी. रॉबर्ट बोलला ना, मीठ लाव म्हणून. चिमूटभर टाकलं.”

“चिमूटभर मिठाने हे उघडत नाही, गंगाराम.”

“मग मूठभर असेल.”

टीचरनी त्याच्याकडे पाहिले, रॉबर्टकडे पाहिले आणि चष्मा पुसला. “फूल नाही, वर लबाडी. बाद.”

सभागृह हसले. “फुलाला मीठ घालतो,” कोणीतरी म्हणाले. मेलरॉयही हसला आणि मोबाइल काढून बसला. पहिला नंबर मोगऱ्याला गेला. बक्षीस होता स्टीलचा जग.

सूर्य खाली आल्यावर गंगाराम आणि रॉबर्ट मला परत न्यायला निघाले. मी त्या बक्षिसाच्या जगात होते, रॉबर्टच्या विहिरीच्या पाण्यात.

“कधीपासून?” वाटेत गंगारामने विचारले.

“दोन उन्हाळे झाले.”

“मला बोलायचं होतंस.”

“तुला? मेरीलाही बोललो नाही. तू तर गावभर केलं असतंस.”

“केलं असतं,” गंगाराम म्हणाला. मग म्हणाला, “माझ्या विहिरीवरनं पाइप ओढू. कुंपणाखालनं जाईल, पोराला दिसणार नाही. माझं पाणी गोड आहे अजून.”

“किती दिवस राहील?”

गंगारामने वाकून मला माझ्या जागी ठेवले, दगड हलवून नीट बसवला. सवयीने त्याचा हात पाणी शिंपडायला उठला. तो त्याने खिशात घातला.

मित्रांनो, माझी विनंती लहानशी आहे. कोणावरही प्रेमाने पाणी घालण्याआधी, तो कुठल्या पाण्यातला आहे तेवढे विचारा. गोड्यातला असेल, तर त्याची विहीर जपा. जमिनीतून गोडे पाणी उपसत राहिलात की मोकळ्या झालेल्या जागेत समुद्र येऊन बसतो. माझी तक्रार नाही. समुद्र वाड्यांपर्यंत आला तर आमच्या कुळाला जागाच वाढेल. पण तिथे मोगरा नसेल, आणि मला दुसऱ्यांदा फूल म्हणून उचलायला गंगारामही नसेल.

भरतीचे पाणी आले, तेव्हा ते दोघे अजून उभे होते. मी पूर्ण उघडले. त्यांना वाटले, त्यांच्यासाठी. तसे काही नव्हते. मला भूक लागली होती.